हाँगकाँगचा खिमा

सुरय्या मापारी मुंबईच्या बोटीने दोह्याला आली ती छप्पन साली, ऐन उन्हाळ्यात. बोट खोल पाण्यात नांगरलेली. तिथून दोरखंडाच्या शिडीने लाँचमध्ये, लाँचमधून धक्क्यावर, धक्क्यावरून सामानाच्या ट्रकमध्ये ट्रंकेवर बसून घरी, असा तिचा गृहप्रवेश झाला. चार दिवसांच्या प्रवासात पोटात काही टिकलं नव्हतं. तरी पहिल्याच संध्याकाळी तिने पदर खोचून रॉकेलचा स्टो पेटवला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्यातले सहा महिनेसुद्धा नवरा धड समोर नव्हता. आता कुठे स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसाला, स्वतःच्या हातचं वाढायचं होतं. बाणकोटहून आणलेली कोकमं होती, सासूने कुटलेला मसाला होता, आणि बाजारातली ताजी सुरमई होती, जिला इथले लोक कनाद म्हणतात.

दिलावर मापारी पोटभर जेवला. बोटं चाटली. वाटी उलटी करून तळ पाहिला. मग भिंतीला टेकून म्हणाला, "ठीक हाय."

सुरय्या वाट बघत राहिली.

"ठीक हाय," तो पुन्हा म्हणाला. "पण हाँगकाँगला मी जो खिमा खाल्ला ना, त्याची गोष्टच निराळी."

सुरय्याला तेव्हा वाटलं, प्रवासाचं बोलणं आहे, होईल कमी. संसार नवा होता. माणसाला आशा वाटते.

गोष्ट अशी होती. दिलावर पूर्वी जहाजावर खलाशी होता. एकोणपन्नास साली हाँगकाँग बंदरात तो जहाजाच्या फाळक्यात, म्हणजे माल उतरवायच्या तोंडातून खाली, पडला आणि त्याचा पाय मोडला. जहाज त्याला टाकून पुढे गेलं. इस्पितळातून सुटल्यावर कंपनीच्या एजंटाने त्याला बंदराजवळच्या गल्लीत एका चिनी म्हातारीच्या घरी ठेवलं. खाली सुक्या मासळीची दुकानं, वर तिची खोली. दुसरं जहाज मिळेपर्यंत दिलावर तिथे तीनेक महिने पाय वर करून पडून राहिला, आणि त्या म्हातारीने त्याला खाऊ घातलं. काय घातलं, ते त्याला पाठ होतं. दोन सुऱ्यांनी बारीक चिरलेलं मांस उथळ बशीत थापायचं. वर खारवलेल्या माशाचा तुकडा ठेवायचा, त्यावर आल्याच्या काड्या. भात शिजत आला की ती बशी त्याच पातेल्यात ठेवून झाकण मारायचं आणि वाफेवर शिजवायचं. "आणि मऊ किती म्हणशील? दात नको, जीभ पुरे. रस्सा सुटायचा तो भातावर ओतायचा. सुभानल्ला."

पहिले काही महिने सुरय्याला त्या म्हातारीचाच संशय होता. म्हातारी नक्की किती म्हातारी, असं तिने दोनतीनदा आडून विचारून पाहिलं. पण दिलावरला तिचं नावही आठवत नव्हतं, चेहराही नीट आठवत नव्हता. बशी मात्र काठावरच्या निळ्या फुलासकट आठवत होती. मग सुरय्याने तो संशय सोडला. बाईच्या प्रेमात पडलेला नवरा एक वेळ परत येतो. खिम्याच्या प्रेमात पडलेल्याचं काय करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने ठरवलं, की हा पदार्थ करून दाखवायचा. एकदा तोंडात घास पडला की तोंड बंद होईल. बिचारीने नवऱ्याला तेवढंच ओळखलं होतं.

इथे दिलावर मापारी ही काय असामी होती, तेही सांगायला हवं. धक्क्याची कामं करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत तो स्टोअरकीपर होता. खिळे, दोरखंड आणि रंगाचे डबे यांचा कारभार. पण नजमा या दोह्याच्या वस्तीतल्या आमच्या कोकणी लोकांत त्याचा खरा हुद्दा वेगळा होता, आणि तो त्याला कुणी दिलेला नव्हता. लोकांच्या पोटात हलाल जातंय की हराम, यावर त्याची नजर असे. त्याला इंग्रजी वाचता येई. इंग्रजांच्या दुकानातून कुणी बिस्किटाचा डबा आणला, की आधी तो दिलावरभाईंकडे यायचा. दिलावरभाई चष्मा लावत, डबा उजेडात धरत, बारीक अक्षरावर बोट फिरवत आणि सुस्कारा टाकत. "जिलेटिन," ते म्हणत. "कुठल्या जनावराचं, कुणास ठाऊक. फेकून दे." पोरं रडत. डबा फेकला जाई.

शेजारच्या खोलीतला रहमान त्याच कंपनीत क्रेन चालवायचा. साधा, कमी बोलणारा, बायको फरजानाच्या अर्ध्या वचनात राहणारा माणूस. एकदा दुखानच्या तेलविहिरींच्या रस्त्यावर काम चालू असताना इंग्रजांच्या मेसमध्ये कुणीतरी त्याच्या हातात पाव दिला, आत लांबट काहीतरी होतं. भूक लागलेली, याने खाल्लं. संध्याकाळी त्याने भोळेपणाने दिलावरला वर्णन सांगितलं. झालं. दिलावरने त्याला आंघोळ करायला लावली, दहा माणसांत बसवून तौबा करायला लावली, आणि पुढचं वर्षभर त्याला 'सॉसेज रहमान' म्हणून हाक मारली. "खाण्याआधी विचारायचं नाय?" हे त्याचं पालुपद. "अल्लाने तोंड फक्त गिळायला दिलं नाय, विचारायलाही दिलंय." रहमान मान खाली घालून ऐकून घ्यायचा. फरजाना मान खाली घालत नसे, पण बोलतही नसे. तिने ते मनात जपून ठेवलं होतं.

तर सुरय्याचे प्रयोग सुरू झाले, दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजीनंतर.

पहिला प्रयोग बकऱ्याच्या खिम्याचा. वाफवल्यावर त्याची चपलेची टाच झाली. दिलावरने चावली, चावली आणि म्हणाला, "ठीक हाय. पण तो मऊ होता." मग बैलाचं मांस आणलं. ते त्याहून कडक. मग तिने खिमा आणणं बंद केलं आणि ती मोरळीवर, म्हणजे विळीवर, बसून मांस स्वतः चिरायला लागली, हाताला फोड येईपर्यंत. थोडा मऊ झाला. "पण त्याला एक चकाकी होती." चकाकी म्हणजे चरबी, हे सुरय्याने ओळखलं. इराणच्या बाजूने येणाऱ्या दुंब्या मेंढ्याच्या शेपटीची चरबी तिने मिळवली. एकदा तर उंटाच्या कुबडाची. तो शुक्रवार नजमात बराच काळ आठवणीत राहिला, कारण वास तीन गल्ल्यांपलीकडे गेला होता आणि कुणाचा तरी उंट मेला असेल म्हणून माणसं बघायला आली होती.

मासा खारवणं मात्र तिला कुणी शिकवायला नको होतं. तिची आई खाडीवर उभं आयुष्य तेच करत आली होती. कनादच्या तुकड्या मिठात पुरून, इथल्या उन्हात वाळवून सुरय्याने जो खारा मासा केला तो असा झाला, की मासळी बाजारातला म्हातारा अरब, जो स्वतः मालेह विकायचा, म्हणजे हेच इथलं खारं, तोही मान हलवून गेला. दिलावर म्हणाला, "मासा बरोबर हाय. मांस चुकतंय."

मग त्याला नवीनच आठवलं. "त्यात मधेच काहीतरी कुरकुरायचं."

"काय कुरकुरायचं?"

"पांढरं. गोडसर. कुरकुर."

कांदा घातला, नाही. काकडी घातली, नाही. सलगम घातलं, मुळा घातला, कच्च्या पपईचे तुकडे घातले. शेवटी एकदा मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर शिंगाडे मागवले, तेव्हा दिलावर चावता चावता थांबला आणि त्याचे डोळे ओले झाले. "हेच," तो म्हणाला. "कुरकुर हीच." सुरय्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण मांस नाय."

म्हातारी मांसावर शिंपडायची त्या काळ्या खारट पाण्याची बाटली त्याने स्वतः इंग्रजांच्या दुकानातून आणली. घरी आल्यावर चष्मा लावून तिच्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. सोयाबीन, मीठ, गहू. पुन्हा वाचलं. "यात हराम काही नाय," त्याने निर्वाळा दिला. "आपल्या पोटात काय जातं, ते माणसाला ठाऊक पाहिजे." सुरय्याने बाटली घेतली. तिला त्या वेळी नवऱ्याचा अभिमानच वाटला.

अशी वर्षं गेली. त्यांची मुलं, हजरा आणि धाकटा, शाळेसाठी बाणकोटला आजीकडे राहिली. गल्लीत वीज आली, घरात पंखा आला. एका ईदला सुरय्या तापाने फणफणलेली असताना उठली, आणि मोरळीवर बसून तिने मांस चिरलं, कारण दिलावरने चार माणसांना 'हाँगकाँगचा खिमा' खायला बोलावलं होतं. चौघांनी ताटं पुसून खाल्लं. वाहवा केली. दिलावर त्यांना समजावत होता, "आवडलं ना? पण हे खरं नाय. खरं निराळं. हिच्या हाताला ते जमत नाय." सुरय्या पडद्यामागे डोक्याला ओला फडका बांधून बसली होती. तिच्याही मनात तेव्हा आलं ते हेच, की आपल्या हातातच खोट असणार. आठ वर्षं ऐकलं की कुणालाही पटतं.

चौसष्ट साली दिलावरच्या कंपनीत एक चिनी मिस्त्री आला.

त्याचं नाव लाम. कंपनीचा मोठा बार्ज दुरुस्तीला काढला होता, त्याच्या लाकूडकामासाठी त्याला खास हाँगकाँगहून आणला होता. पन्नाशीचा, बुटका, हसरा. मुंबईच्या खलाशांबरोबर उमेदीची वर्षं जहाजावर काढलेली, त्यामुळे जहाजी हिंदी फाडफाड बोलायचा. ही बातमी सुरय्याला नवऱ्याकडून कळायला हवी होती. आठ वर्षं ज्याच्या घरात हाँगकाँगशिवाय शुक्रवार उजाडला नाही, त्याच्याच स्टोअरमध्ये रोज सकाळी हाँगकाँगचा माणूस खिळे मागायला येत होता. पण दिलावर घरी येऊन चकार शब्द बोलला नाही. कळलं ते फरजानाकडून, पाण्याच्या टँकरपाशी.

"भाबी, तुमच्या खिम्याच्या गावचा माणूस आलाय की!"

सुरय्याने त्याच संध्याकाळी विचारलं, "लाम मिस्त्री म्हणून कुणी हाय?"

दिलावर चप्पल काढत होता. ती काढायला त्याला फार वेळ लागला. "हाय एक."

"त्याला जेवायला बोलवा. एकदा चाखून सांगू दे, माझं चुकतं कुठे."

"तो नाय येणार."

"विचारलंत?"

"कामात असतो."

"शुक्रवारी?"

"त्याला आपलं बोलणं समजत नाय." मग, "तो हाँगकाँगचा नायच म्हणे, पलीकडचा हाय." मग, "त्याचं पोट नाजूक हाय." एका चिनी मिस्त्रीच्या पोटाची एवढी काळजी त्याच्या आईनेही कधी केली नसेल. दुसऱ्या दिवशी सुरय्याने फरजानाला सांगितलं, फरजानाने रहमानला, आणि रहमानने क्रेनवरून खाली वाकून लामला. लाम म्हणाला, शुक्रिया, जरूर.

शुक्रवारी नमाजीहून परतलेल्या दिलावरने पाहिलं, तर आपल्या घरात चटईवर रहमानच्या शेजारी लाम मांडी घालून बसलेला, हातात संत्र्यांची पिशवी. आलेल्या पाहुण्याला दारातून घालवण्याची आमच्यात रीत नाही. दिलावर बसला. पंखा चालू असून त्याला घाम फुटला होता.

सुरय्याने त्या दिवशी जीव ओतला होता. बकऱ्याचं कोवळं मांस, दुंब्याची चरबी मोजकी, शिंगाडे, काळ्या पाण्याचे थेंब, वर स्वतः खारवलेल्या कनादचा तुकडा, आल्याच्या केसासारख्या काड्या. बशी भाताच्या पातेल्यातून निघाली तेव्हा वाफेबरोबर असा वास सुटला, की फरजाना म्हणाली, "भाबी, हे चिन्याला कशाला, मलाच द्या." दोघी पडद्यामागे उभ्या राहिल्या.

लामने घास घेतला. डोळे मिटले. मग आधी माशाच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "ये मछली किसने बनाया?"

"घरात," रहमान म्हणाला. "भाबीने."

"मेरा माँ ऐसा बनाता था," लाम म्हणाला. "एकदम ऐसा." त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग तो नुसता जेवत राहिला. सुरय्याला पडद्यामागे गहिवरून आलं. शेवटी तो थांबला, बोटाने मांस उलटवून पाहिलं आणि कौतुकाने हसला. "लेकिन मीट कौन सा?"

"चहा!" दिलावर ओरडला. "अगो, चहा टाक! यल्ला!"

"अजून जेवतायत," रहमान म्हणाला. आणि लामला म्हणाला, "बकरा हाय. थोडा दुंबा."

"बकरा!" लामने मांडीवर थाप मारली. "बकरा का ऐसा बनाया? बहुत चालाक काम! हमारे उधर तो ये सुअर का बनता."



"सब घर में," लाम माहिती द्यायला पुढे सरसावला, कारण आपण जेवणाबद्दलच बोलतोय असं त्याला वाटत होतं. "गरीब घर, बड़ा घर. सुअर नहीं तो ये चीज ही नहीं. इसी से नरम होता."

रहमानचा हात घासासकट हवेत राहिला होता. त्याने तो सावकाश खाली आणला.

"माझ्यासाठी वेगळं करायची ती!" दिलावर म्हणाला. आवाज चिरकला होता. "मुसलमान हाय म्हणून सांगितलं होतं एजंटाने. बकऱ्याचं करायची!"

"किधर? कौन सा गली?" लामने मनापासून विचारलं.

"बंदराजवळ. सुक्या मासळीच्या दुकानावर."

लामने आठवून पाहिलं आणि खेदाने मान हलवली. "उधर बकरा? उधर कोई बकरा नहीं बेचता. हमारा लोग बोलता, बास मारता."

पडद्यामागून सुरय्याचा आवाज आला, अगदी मऊ. "अहो, तुम्ही विचारलं असेल ना?"

"विचारलं म्हणजे? पहिल्याच दिवशी विचारलं! बशीवर बोट ठेवून म्हटलं, 'मटण?'"

"मग काय म्हणाली?"

दिलावरने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी मदतीला येईना. "हसली. म्हणाली, 'गुड, गुड.'"

"हाँ," लाम म्हणाला. "सुअर बहुत गुड."

पडद्यामागे फरजाना मटकन खाली बसली आणि तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. सुरय्या भिंतीला कपाळ टेकून हसत होती. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बाहेर लामच्या लक्षात उशिरा आलं, की खोलीत कुणाचा तरी घात झाला आहे. तो ओशाळला. संत्र्यांची पिशवी त्याने पुन्हा एकदा पुढे सरकवली, मघाशी दिली नसावी अशी. रहमान मात्र हसला नाही. त्याने शांतपणे ताट पुसून संपवलं, हात धुतले आणि निघताना दारात थांबून एवढंच म्हणाला, "दिलावरभाई, तौबा कशी करायची ते मला तुमच्यामुळे चांगलं ठाऊक हाय. काही लागलं तर हाक मारा."

पाहुणे गेले. सुरय्या मागच्या अंगणात भांडी घासायला बसली, आणि तिथे तिचं हसू आटलं. राखेने बशी घासता घासता तिला ती ईद आठवली, डोक्याला बांधलेला ओला फडका आठवला. हातावरचे फोड आठवले. हिच्या हाताला जमत नाय. आठ वर्षं तिने बकऱ्याला डुक्कर करायचा प्रयत्न केला होता, आणि बकरा ऐकत नाही म्हणून दोष स्वतःच्या हाताला दिला होता. बशी तिने इतक्या जोराने आपटली की तिचे दोन तुकडे झाले.

दिलावर दारात येऊन उभा राहिला. "मला काय ठाऊक होतं?"

"एकदाच विचारलंत?"

"हो."

"तीन महिन्यांत एकदाच? तोंड विचारायलाही दिलंय ना अल्लाने?"

"उत्तर मिळालं होतं. दुसऱ्यांदा कशाला विचारायचं?"

सुरय्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या 'कशाला'मध्ये सगळं आलं होतं. तिला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

पुढचे काही आठवडे दिलावर मापारी संशोधनात बुडाला. आधी त्याचं मत पडलं, की ते बदक होतं. चिनी लोक बदक फार खातात. मग ते बैलाचं होतं, ऑस्ट्रेलियाहून यायचं, पेट्या त्याने बंदरात स्वतः पाहिल्या होत्या. मग तो मासाच होता, मांसासारखा लागणारा. लाम मिस्त्री हा मुळात सुतार, त्याला स्वयंपाकातलं काय कळतं, हेही त्याने सिद्ध केलं. प्रत्येक नवं मत तो सुरय्याला ऐकवी आणि ती प्रत्येक वेळी "असेल" म्हणे. त्या 'असेल'ने तो आणखी सुकत चालला.

एका शुक्रवारी नमाजीनंतर त्याने मौलवींना गाठलं. एक ओळखीचा खलाशी आहे, बिचाऱ्याने परमुलखात नकळत डुक्कर खाल्लं, त्याचं काय? मौलवी केरळचे, मनाने मोकळे. म्हणाले, ठाऊक नव्हतं तर गुन्हा नाही, अल्ला माफ करणारा आहे. दिलावर निघाला, चार पावलं गेला आणि परत आला. "आणि समजा, त्या खलाशाला ते फार आवडलं असेल तर?"

मौलवींनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "मग त्याला सांगा, आता विसर."

हे सुरय्याला कळलं, कारण मागच्या रांगेत रहमान चपला शोधत होता. त्याने ते फरजानाशिवाय कुणाला सांगितलं नाही, आणि फरजानाने सुरय्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. गल्लीत ही गोष्ट फुटली नाही. दिलावरला दहा माणसांत कुणी बसवलं नाही, त्याला कुणी नाव पाडलं नाही. रोज सकाळी रहमान त्याला "सलाम आलेकुम, दिलावरभाई" म्हणायचा, पूर्वीसारखंच अदबीने. त्याचा दिलावरला किती त्रास व्हायचा ते त्यालाच ठाऊक. बिस्किटांचे डबे वाचणं त्याने बंद केलं. डोळे दुखतात, म्हणे. नजमातली पोरं त्या वर्षी बरीच बाळसेदार झाली.

सुरय्याने खिमा करणं सोडलं. भांडण नाही, बोलणं नाही. पुढच्या शुक्रवारी ती स्टोसमोर बसली आणि तिला प्रश्न पडला, की आज आपल्याला काय खावंसं वाटतंय? त्याचं उत्तर लवकर सापडेना. आठ वर्षांत तिला तसं कुणी विचारलं नव्हतं, तिने स्वतःनेही नाही. आठवून आठवून तिच्या ध्यानात आलं, की तिला मुळात खिमा फारसा आवडतच नाही. तिला हवी होती सोड्यांची खिचडी, गावच्या वाळवलेल्या कोळंबीची, वर खोबरं घातलेली. सोड्यांच्या वासाने दिलावरचं डोकं उठतं म्हणून ती तिने दोह्यात कधी केलीच नव्हती. तिने सोडे भिजत घातले. दिलावरने दार उघडलं, नाक वर केलं, आणि सुरय्याचा चेहरा बघून मुकाट खाली बसला.

मग त्याला उमगायला लागलं, की शुक्रवार आला की आपल्याला काहीतरी हवं असतं, आणि ते हाँगकाँगचं नसतं. ज्याला आठ वर्षं नावं ठेवली तोच खिमा त्याच्या जिभेला लागला होता. बकऱ्याचा, दुंब्याच्या चरबीचा, बाणकोटी हाताच्या खाऱ्याचा. पण मागायचा कुठल्या तोंडाने? आणि म्हणायचं काय त्याला? दोनतीनदा त्याने "ते आपलं वाफेचं..." इथपर्यंत गाडी आणली. सुरय्या विचारी, "कुठलं?" आणि गाडी तिथेच बसे.

शेवटी तो फरजानाकडे जेवला. सुरय्याने तिला सगळं शिकवलं होतं, खारवण्यासकट. लाम रहमानकडे अधूनमधून यायचा, तेव्हा ती करायची. भिंतीपलीकडून वास आला आणि दिलावर काहीतरी निमित्त काढून, पाना परत मागायला वगैरे, तिथे जाऊन बसला. वाढल्यावर नको म्हणाला नाही. अर्धी बशी खाऊन झाल्यावर मान हलवत म्हणाला, "ठीक हाय. पण सुरय्याच्या हातची सर नाय."

फरजानाने हे शब्द तस्सेच भिंतीवरून पोचवले. सुरय्या तेव्हा कपडे वाळत घालत होती. त्या दिवशी सगळे कपडे दोन-दोन चिमटे लावून वाळले.

थंडीत बार्ज पुरा झाला आणि लाम परत निघाला. सुरय्याने त्याच्यासाठी कनादचं खारं तेलकट कागदात गुंडाळून वर जाड फडका शिवून दिलं, कारण विमानातल्या लोकांची नाकं नाजूक असतात असं रहमान म्हणाला. लामने ते दोन्ही हातांनी घेतलं. "मेरा औरत को दिखाएगा," तो म्हणाला. "उसका मछली इतना अच्छा नहीं." मग जीभ चावून म्हणाला, "लेकिन ऐसा उसको बोलेगा नहीं." सुरय्याला तो माणूस शहाणा वाटला.

पुढे अल नस्रच्या बाजूला त्यांना नवी, मोठी खोली मिळाली, आणि दिलावरची तब्येत हळूहळू सुधारली. म्हणजे तो परत बोलायला लागला. गावाहून नवी आलेली पोरं पहिल्या शुक्रवारी त्याच्याकडे जेवायला येत, कारण ओळख अशीच होते. त्यांना तो भिंतीला टेकून सांगे, "आमच्या घरच्या खिम्याची गोष्टच निराळी. खास हाँगकाँगचा मिस्त्री आला होता चाखायला. तो काय म्हणाला ठाऊक हाय? म्हणाला, असा आमच्या हाँगकाँगात कुठल्याच घरात होत नाय."

यात खोटं काहीच नव्हतं. सुरय्या पडद्याआडून ऐके आणि त्याला बोलू देई.

पोरं आशेने पडद्याकडे बघत. मग सुरय्या पातेलं घेऊन बाहेर येई, झाकण काढी, आणि सगळ्यांच्या ताटात, दिलावरच्या जरा जास्तच, सोड्यांची खिचडी वाढी.